ब्लॉक रिकामा, मगच गाडी

एका रुळावर एक गाडी फिरवणं पोरासोरांचं काम. दुसरी गाडी आणली की सिग्नल खातं लागतं. मी त्याच खात्यातून निवृत्त झालो आणि नेरूळच्या घरी, मागच्या खोलीत, प्लायवुडवर रूळ टाकून बसलो आहे. डिजिटल आल्यापासून मॉडेल रेल्वे आपोआप चालते असं हौशी मंडळी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. चालवणारा आजही ब्लॉक आहे, म्हणजे एका वेळी एकाच गाडीसाठी राखलेला रुळाचा टप्पा, आणि ब्लॉक ही एकोणिसाव्या शतकातली चीज.

सुरुवातीच्या आगगाड्या घड्याळावर सोडत. एक गेली, ठरलेली मिनिटं मोजली, दुसरी सोडली. पुढची मध्येच अडकली असेल तर मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर भिस्त. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर थांबलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवून ठेवले. ते उताराने घरंगळले आणि मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची करणारा कायदा झाला : एका टप्प्यात एकच गाडी, टप्पा मोकळा झाल्याशिवाय दुसरी नाही.

टप्पा मोकळा आहे हे रुळानेच सांगायची युक्ती मात्र अमेरिकेत १८७२मध्येच निघाली होती. विल्यम रॉबिन्सनचं ट्रॅक सर्किट. रुळांतून बारीक वीज खेळवायची, तिने रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, उचलून धरायचा. चाकं आली की दोन्ही रूळ जोडले जातात, रिले पडतो, सिग्नल लाल. आपल्याकडे मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९२८मध्ये व्हीटी-भायखळा टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल लागले. नेरूळ तेव्हा खाडीकाठचं गाव होतं. हार्बरची गाडी इथवर यायला नव्वदचं दशक उजाडलं.

खेळणंही मागून याच रस्त्याने आलं. मार्क्लिनने १८९१मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीच्या गाडीचा संच मांडला. पुढे वीज आली आणि खरी पंचाईत झाली. साध्या डीसी पद्धतीत व्होल्टेज रुळाला देतात. त्या रुळावर जेवढी इंजिनं, तेवढी सगळी एकदम निघतात. मग रूळ कापायचे, प्रत्येक तुकड्याला बटण लावायचं. लाल सिग्नलच्या अलीकडचा तुकडा मेलेला ठेवायचा, म्हणजे गाडी तिथे मुकाट उभी राहते. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४६मध्ये काढलेल्या मॉडेल रेल्वे क्लबात हे काम टेलिफोन एक्सचेंजच्या रिलेंवर चाले. त्या जंजाळात रमलेली पोरंच पुढे तिथल्या पहिल्या संगणकांवर तुटून पडली. मला यात नवल वाटत नाही. रिले केबिनमध्ये ज्याने वायरिंग तपासलंय त्याला प्रोग्राम वेगळा काय शिकवायचा? आपल्याकडे ही हौस सगळ्यांना खुली केली ती पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी. कोथरूडमधलं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ला उघडलं. मुलं गाड्या बघतात, मी सिग्नल बघत बसतो.

डिजिटल पद्धतीमागे जर्मनीच्या लेन्झ यांचं काम आहे. अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेने नव्वदच्या दशकात तिचं मानक केलं. यात रुळावर पूर्ण व्होल्टेज कायम असतं आणि त्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर, प्रत्येकाला आपला नंबर. तीन नंबरला थांब म्हटलं की तीनच थांबतं, बाकीची चालू. म्हणजे आता दोन गाड्या समोरासमोर आणायचंही पूर्ण स्वातंत्र्य मिळालं!

म्हणून संगणक बसवला तरी रूळ पुन्हा कापावे लागतात, या खेपेला गाडी कुठे आहे ते कळण्यासाठी. जेएमआरआयसारखं फुकट सॉफ्टवेअरही पुढचा ब्लॉक रिकामा आहे ना पाहतं, तो राखून ठेवतं, मगच गाडी हलवतं. गोल मार्गावर तीन गाड्या फिरवायच्या तर किमान चार ब्लॉक हवेत, नाहीतर सगळ्या एकमेकींची वाट बघत उभ्या. माझ्या प्लायवुडवर पनवेल, ठाणे आणि उरण अशा तीन बाजूंच्या लोकल नेरूळात येतात. लोकल सोपी पडते, दोन्ही टोकांना केबिन असल्याने इंजिन फिरवायची भानगड नाही. गेज तेवढं खटकतं. १:८७ या प्रमाणात आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातला रूळ साडेसोळाचा. डबा रुळावर पोक्तासारखा पसरून बसतो.

पण खरी खोट दुसरीकडे आहे. खऱ्या ट्रॅक सर्किटची तार तुटली तर रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. खेळण्यातला नेहमीचा डिटेक्टर उलटा : वीज ओढली गेली तरच ब्लॉक भरलेला. तार तुटली की ब्लॉक मोकळा दिसतो. साधा डबा तर वीज ओढतच नाही. कपलिंग सुटून दोन डबे मागे राहिले, तर संगणकाच्या लेखी तिथे काहीच नाही, आणि तो बेधडक मागची गाडी सोडतो. आर्माची गोष्ट पुन्हा, प्लास्टिकमध्ये. उपाय स्वस्त आहे : चाकांच्या दांडीवर दहा किलोओहमचा बारीक रेझिस्टर चिकटवायचा, म्हणजे डबा थोडी वीज ओढतो आणि दिसू लागतो. शेवटच्या डब्याला तर हवाच. आमच्या खात्यात गाडी पूर्ण आली की नाही हे शेवटच्या डब्याची खूण पाहूनच ठरवत.