ॲक्शन जॉब (रिव्हॉल्व्हर)

रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता ओढला जावा, यासाठी आतल्या एकमेकांवर घासणाऱ्या भागांची केलेली सफाई आणि स्प्रिंगांच्या ताणात केलेला फेरफार. अमेरिकेत व्यावसायिक बंदूक-कारागीर हे काम करतातच. पण आपल्याच शस्त्रावर घरच्या टेबलाशी बसून ते करणारे हौशी नेमबाजही तिथे पुष्कळ आहेत. बंदूक-दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला तिथे संघराज्याचा परवाना लागतो, स्वतःच्या रिव्हॉल्व्हरवर असे काम करणाऱ्याला लागत नाही.

सॅम्युएल कोल्टच्या १८३६च्या पेटंटातील रिव्हॉल्व्हरचा हॅमर प्रत्येक गोळीसाठी अंगठ्याने मागे ओढावा लागे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये नुसत्या ट्रिगरने हॅमर उचलणारी रचना आणली, आणि १८५६च्या ब्यूमाँटच्या सुधारणेने दोन्ही पद्धती एकाच शस्त्रात बसवल्या. ही डबल-ॲक्शन रचना सोयीची खरी, पण तिच्यात सगळा भार एका बोटावर येतो. ट्रिगरच्या एकाच ओढीत मुख्य स्प्रिंग दाबली जाते, हॅमर मागे जातो, सिलिंडर एक घर फिरून खाचेत अडकते आणि मग हॅमर सुटतो. कारखान्यातून आलेल्या शस्त्राला त्यासाठी साधारण १० ते १४ पौंड, म्हणजे सुमारे साडेचार ते सव्वासहा किलो जोर लागतो. हॅमर आधीच चढवलेला असेल तर तीन-चार पौंड पुरतात. एवढा जोर लावताना मध्ये कुठे खरखर लागली की नळी हलते आणि नेम चुकतो.

खरखरीचे कारण बहुधा साधे असते : यंत्रावर कापताना राहिलेल्या रेषा, कडांवरची बारीक धार, साचलेले जुने तेल. १९५५ मध्ये आलेल्या कोल्ट पायथनची ओढ नावाजली गेली ती कारखान्यातच हाताने जुळवून बसवलेल्या भागांमुळे. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरला पुढे परत ढकलणारा एक सरकता ठोकळा असतो. त्याची सपाट बाजू आणि चौकटीतली त्याची वाट साफ केली, तर कोणतीही स्प्रिंग न बदलता फरक बोटाला जाणवतो. रिकामे रिव्हॉल्व्हर नकली काडतुसे घालून पुन्हापुन्हा चालवले तरी हे पृष्ठभाग हळूहळू गुळगुळीत होतात. घरगुती उपायांत सर्वांत निर्धोक हाच.

गुळगुळीत ओढ आणि हलकी ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरी केलेली बहुतेक कामे बिघडतात ती यांची गल्लत झाल्याने. मुख्य स्प्रिंगचा ताण फार कमी केला तर हॅमरचा ठोका दुबळा पडतो आणि प्रायमर फुटत नाही. स्पर्धेतले नेमबाज हलक्या ठोक्यालाही फुटणारे फेडरल कंपनीचे प्रायमर वापरून यातून वाट काढतात. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या शस्त्राला हा मार्ग चालणार नाही. ट्रिगर परत आणणारी स्प्रिंग कमजोर केली तर झटपट गोळीबारात तो बोटामागे रेंगाळतो. सर्वांत नाजूक जागा म्हणजे हॅमरची खाच आणि तिच्यात अडकणारी ट्रिगरची कड. तिथे पोलादाचा कठीण थर पातळ असतो. कानस किंवा पॉलिशचे फिरते चाक तिथे लागले की कोन गोल होतो, आणि चढवलेला हॅमर अंगठ्याच्या साध्या दाबानेही सुटू लागतो. घासून गेलेला धातू परत येत नाही. मग भागच बदलावा लागतो. साधे बाजूचे झाकण उघडतानाही अनुभवी कारागीर ते फटीत पेचकस घालून उचकटत नाही. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोके देतो आणि झाकण आपोआप सैल होऊ देतो.

हॅमरला अडवणारा हॅमर-ब्लॉक हा आतला छोटा भाग घर्षण वाढवतो म्हणून काही जण काढून टाकतात. तो का आला हे त्यांनी आठवावे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलातल्या एका नौसैनिकाचा, हातून पडलेले स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर सुटून मृत्यू झाला. त्यानंतर कंपनीने हा अडथळा सुधारून नव्याने बसवला. तो काढणे ही सफाई नव्हे, बेपर्वाई आहे.

चांगल्या डबल-ॲक्शनचे सामर्थ्य एड मॅकगिव्हर्नने दाखवले. १९३२ मध्ये त्याने साउथ डकोटात ०.४५ सेकंदात पाच गोळ्या झाडल्या. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेकने सहा गोळ्या, मध्ये पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या हे सारे २.९९ सेकंदांत उरकले.

भारतात या छंदाला जागा नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची निर्मितीच नव्हे, तर दुरुस्ती आणि बदल यांनाही स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असले आणि त्याची ओढ कितीही जड वाटली, तरी ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यावे लागते.