कॅमेऱ्यातून कम्प्युटरवर : फोटो 'कॉपी' करण्याचा छोटासा इतिहास

जेलचा फोटो असो, पेट्री डिशचा असो, नाहीतर फील्डवर टिपलेल्या एखाद्या रोपट्याचा; आपल्यापैकी अनेकांच्या डेटाचा पहिला प्रवास कॅमेरा ते कम्प्युटर असाच असतो. हे काम इतकं किरकोळ वाटतं की प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात त्याचा उल्लेखही येत नाही. पण या प्रवासात फोटोबरोबर काय आलं आणि काय मागे राहिलं, हा पुराव्याचा प्रश्न आहे. तो समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

१९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे ३.६ किलो, चित्र १०० × १०० पिक्सेलचं, कृष्णधवल. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. तो बघायचा तर कॅसेट खास बनवलेल्या यंत्रात घालून टीव्हीवर दाखवावी लागे. म्हणजे फोटो आणि तो वाचणारं यंत्र यांची जोडी अतूट होती. यंत्र नाही तर फोटोही नाही.

१९८१ मध्ये सोनीने 'मॅव्हिका' दाखवला. त्याला अनेकजण डिजिटल कॅमेरा म्हणतात, पण ते बरोबर नाही. तो छोट्या चुंबकीय डिस्कवर ॲनालॉग व्हिडिओ सिग्नल नोंदवायचा. तो कम्प्युटरवर न्यायचा तर आधी सिग्नलचं अंकांत रूपांतर करावं लागे. 'इलेक्ट्रॉनिक' आणि 'डिजिटल' यातला फरक इथे नीट कळतो.

कम्प्युटरला थेट जोडता येणारे कॅमेरे साधारण १९९० नंतर आले. 'डायकॅम मॉडेल १' मध्ये फोटो आतल्या मेमरीत राहायचे. बॅटरी संपली की फोटोही गेले! १९९४ च्या ॲपल 'क्विकटेक १००' मध्ये ६४० × ४८० पिक्सेलचे फक्त ८ फोटो मावत. दोन्हीकडे वाट एकच, सिरियल केबल. आता साधा हिशोब करू. वेग सेकंदाला ९,६०० बिट धरला आणि एका बाइटला १० बिट लागतात असं मानलं, तर १ एमबी यायला सुमारे १७ मिनिटं लागतात.

पण खरी अडचण वेगाची नव्हती, भाषेची होती. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर वेगळं, फाइलची रचना वेगळी. सोनीने १९९७ मध्ये जे मॅव्हिका आणले, ते साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर फोटो लिहायचे. क्षमता जेमतेम १.४४ एमबी, तरी ते लोकांना आवडले. कारण फ्लॉपी तेव्हा कुठल्याही कम्प्युटरवर चालायची.

पुढे ही 'कुठेही चालेल' सोय नियमांनी आली. जेपेग १९९२ चं. १९९५ मध्ये जपानमध्ये 'एक्झिफ' ठरलं : तारीख, वेळ, एक्स्पोजर वगैरे माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहायची. १९९८ च्या आसपास 'डीसीएफ' नियम आला. कार्डावर दिसणारं 'डीसीआयएम' फोल्डर आणि ०००१ ते ९९९९ असे फाइल क्रमांक ही त्याचीच देणगी. १९९६ मध्ये यूएसबी आलं, सेकंदाला १२ मेगाबिट वेगाचं. २००० मध्ये यूएसबी २.० ने तो वेग कागदावर ४८० मेगाबिटवर नेला. हळूहळू कॅमेरा जोडला की तो सरळ एखाद्या ड्राइव्हसारखा दिसू लागला.

बरं, आपल्याला याचं काय? तीन गोष्टी बघा.

पहिली, वेळ दोन ठिकाणी असते. एक फाइलच्या बाहेर, फाइल सिस्टीममध्ये. दुसरी आत, एक्झिफमध्ये. कॉपी करताना बाहेरची तारीख बदलू शकते, आतली सहसा टिकते. म्हणून फोल्डरमध्ये दिसणाऱ्या तारखेवर निष्कर्ष उभारू नका. आणि आतली वेळसुद्धा कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच खरी. एक्झिफमध्ये टाइम झोन लिहायची सोय तर २०१६ मध्ये आली.

दुसरी, क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन कार्डांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले तर सारख्या नावाची फाइल जुनीवर बसू शकते. प्रत्येक दिवसासाठी आणि प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर करा.

तिसरी, मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो बहुधा पुन्हा दाबून लहान केला जातो आणि एक्झिफही गळून जातं. डोळ्यांना चित्र तेच दिसतं, पण पिक्सेल मोजून बँडची तीव्रता काढणार असाल, तर तो तुमचा मूळ डेटा उरला नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : कार्डावरून थेट कॉपी, मग मूळ आणि प्रत यांचा चेकसम जुळतो का ते तपासणं, मग दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट. मूळ फाइल 'रीड ओन्ली' करून ठेवा. कातरणं, उजळ करणं सगळं प्रतीवर.

संदर्भ फोटोला चिकटून राहावा म्हणून पंचवीसेक वर्षं खटपट झाली. तो एका 'फॉरवर्ड'मध्ये गळून जायला क्षण पुरतो. परीक्षकाने "हा फोटो नेमका कधीचा?" असं विचारलं, तर उत्तर फाइलमधूनच निघायला हवं.