किती द्यायचं, कुठं थांबायचं

बर्मिंगहॅम, 1783. डॉक्टर विल्यम विदरिंग गरिबांना फुकट तपासतो ती ही वेळ, आणि तुम्ही दारातल्या गर्दीत उभे आहात. असे दोन-तीन हजार रुग्ण त्याच्याकडे वर्षाला येतात. पितळेच्या कारखान्यातला एक कामगार बाकावर पुढे वाकून बसला आहे. तसं बसलं तरच त्याला श्वास पुरतो. आडवं झालं की जीव घाबरा होतो, म्हणून रात्र खुर्चीतच काढतो. त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरा. उचललात तरी खड्डा तसाच राहतो.

याला इथं ‘ड्रॉप्सी’ म्हणतात. हृदयामुळे आलेली सूज, मूत्रपिंडामुळे आलेली, यकृतामुळे आलेली, सगळ्यांना हे एकच नाव. तुम्हाला मात्र आतलं दिसतंय. हृदयाचा जोर कमी पडला की रक्त फुप्फुसांत आणि शिरांत मागं तुंबतं, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, आणि अंगात पाणीच कमी पडलंय असं समजून ती मीठ-पाणी धरून ठेवतात. सूज आणखी वाढते. शरीराची ही धडपडच माणसाला बुडवते, हे मला या आजारातलं सगळ्यात क्रूर वाटतं.

इथं ईसीजी नाही, इको नाही. स्टेथोस्कोप यायलाही 33 वर्षं आहेत. विदरिंग मनगट धरतो आणि बराच वेळ सोडत नाही. ठोके घाईघाईने, कसेही पडताहेत.

तो पुडी बांधतो. 1775 मध्ये श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा काढा त्याच्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण त्या काढ्याने उठले होते. त्यातल्या वीसेक वनस्पतींमधून त्याने गुणाची नेमकी ओळखली: फॉक्सग्लोव्ह. म्हातारीचं नाव त्याने लिहून ठेवलं नाही, याची रुखरुख वाटते.

पुडीत वाळवलेल्या पानांची पूड आहे. एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. सुरुवातीला तो याहून खूप जास्त देत असे, आणि रुग्ण ओकून बेजार होत. आता तो कामगाराला बजावतो: लघवी मोकळी झाली, मळमळलं, नाडी मंदावली किंवा जुलाब लागले, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी औषध बंद. फॉक्सग्लोव्ह विषारी आहे. ते खेड्यापाड्यांत आधीपासून वापरात होतं; थांबायचं कुठं, हे विदरिंगने शोधलं. दोन वर्षांनी त्याचं पुस्तक येईल तेव्हा त्यात त्याचे 163 रुग्ण असतील, आणि त्यांत बरे न झालेलेही असतील. ते वगळणं सोपं होतं. त्याने वगळले नाहीत, म्हणून मी त्याला मानतो.

आता पुढे चला. त्याच कुळातल्या वनस्पतीपासून मिळणाऱ्या डिगॉक्सिनची 6,800 रुग्णांवरची चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध होते. रुग्णालयात दाखल होणं कमी होतं, मृत्यू मात्र कमी होत नाहीत. आयुष्य वाढवलं ते शरीराच्या त्या आंधळ्या धडपडीला लगाम घालणाऱ्या औषधांनी.

त्यांतल्या एकासाठी 1975 मधल्या स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला थांबा. बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग आणि जोर दोन्ही कमी करतात, म्हणून कमजोर हृदयाला ते द्यायचे नाहीत असं सगळे डॉक्टर शिकलेले. इथले डॉक्टर सात रुग्णांना ते देतात. हृदयाला सतत चाबूक मारणारं अॅड्रेनॅलिन अडवलं जातं आणि रुग्ण सुधारू लागतात. वैद्यकाला हे पटायला पुढची वीसेक वर्षं लागतात. आज कार्व्हेडिलॉल हा बीटा ब्लॉकर सुरू करतात तो 3.125 मिलिग्रॅमपासून, दिवसातून दोनदा. नाडी, रक्तदाब आणि पायाची सूज बघायची, सोसलं तर दोन आठवड्यांनी डोस दुप्पट करायचा, आणि अंगावर पाणी चढताना दिसलं की तिथंच थांबायचं.