स्पॅनिशमधील दैनंदिन नामे

स्पॅनिशमधील दैनंदिन नामे : घर, बाजार, प्रवास व नातीगोती यांत रोज लागणारी स्पॅनिश नामे. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांना त्यांचे अर्थ व वापर शिकताना काय अवघड जाते, याचा विचार येथे केला आहे. लॅटिनमधून आलेले शब्द दोन्ही भाषांत विपुल असल्याने ‘ओतेल’, ‘ओस्पिताल’ अशी नामे इंग्रजी भाषकाला न शिकवताही कळतात. पण याच ओळखीने तो फसतो. ‘रोपा’ म्हणजे दोर नव्हे, कपडे. ‘कार्पेता’ म्हणजे गालिचा नव्हे, कागद ठेवण्याची फाइल. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट नव्हे, यश. ‘लिब्रेरिया’त पुस्तके विकत मिळतात, वाचनालयाला ‘बिब्लिओतेका’ म्हणतात.

खरी कसोटी लिंगाची. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नामांना व्याकरणिक लिंग नाही. स्पॅनिशमध्ये प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते, आणि उपपद व विशेषण त्यानुसार बदलते. तो हात, ती भिंत, ते दार असे लहानपणापासून बोलणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. ओकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी व आकारान्त स्त्रीलिंगी असते. मात्र ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी, तर ‘दिया’ (दिवस) पुल्लिंगी आहे. ग्रीकमधून आलेली ‘प्रोब्लेमा’, ‘क्लीमा’ (हवामान) ही नामेही पुल्लिंगीच. ‘आग्वा’ (पाणी) स्त्रीलिंगी असूनही आरंभीच्या आघातयुक्त ‘आ’मुळे एकवचनात ‘एल आग्वा’ म्हणतात; विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहते : ‘एल आग्वा फ्रिया’, थंड पाणी.

उपपद बदलले की कधी अर्थच पालटतो. ‘एल कापिताल’ भांडवल, ‘ला कापिताल’ राजधानी. ‘एल कूरा’ धर्मोपदेशक, ‘ला कूरा’ उपचार. ‘एल ओर्देन’ क्रम, ‘ला ओर्देन’ हुकूम. म्हणून नाम सुटे पाठ करू नये, पहिल्या दिवसापासून उपपदासह तोंडी बसवावे. शरीराच्या अवयवांपुढे ‘माझा’, ‘तुझा’ सहसा लावत नाहीत. मराठीत ‘मी हात धुतो’ एवढेच पुरते, तसेच स्पॅनिशमध्येही. इंग्रजी भाषक मात्र ‘माझे’ घातल्याशिवाय राहत नाही.

इंग्रजीतील एका नामासाठी स्पॅनिशमध्ये दोन नामे असल्याचीही उदाहरणे आहेत. पाण्यातला जिवंत मासा ‘पेस’, पकडून ताटात आलेला ‘पेस्कादो’. रस्त्याच्या वळणावरचा बाहेरचा कोपरा ‘एस्कीना’, खोलीतला आतला कोपरा ‘रिंकोन’. उलट हाताच्या व पायाच्या बोटांना ‘देदो’ हे एकच नाम चालते.

देश बदलला की नामही बदलते. ‘तोर्तिया’ मागितल्यावर स्पेनमध्ये अंड्याचे, बहुधा बटाटा घातलेले ऑम्लेट समोर येते, तर मेक्सिकोत मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी. ‘ग्वाग्वा’ क्यूबात बस, चिलीत तान्हे मूल. बटाटा लॅटिन अमेरिकेत ‘पापा’, स्पेनच्या मुख्य भूमीवर ‘पाताता’. ‘पापा’ हा केचुआ भाषेतील शब्द. त्याची कॅरिबियनमधील रताळ्याच्या ‘बाताता’शी सरमिसळ होऊन ‘पाताता’ झाला. तोच ‘बाताता’ पोर्तुगीजांबरोबर कोकण किनाऱ्यावर आला आणि मराठीत ‘बटाटा’ म्हणून रुजला.