अंकदीपांची परीक्षा

लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केट ही दिल्लीतील रेडिओ व विद्युत्-सामानाची जुनी पेठ. मायापुरी ही भंगाराची. जुन्या अंकनलिकांच्या संग्राहकाची पावले अशाच बाजारांकडे वळावीत, हे स्वाभाविक आहे.

या नलिकांचे रूढ नाव ‘निक्सी’. अमेरिकेतील बरोज कंपनीने त्या १९५५ साली प्रचारात आणल्या. निऑन वायूने भरलेल्या काचेच्या कुपीत ० ते ९ या अंकांच्या आकाराची दहा ऋणाग्रे एकामागे एक उभी असतात. ज्यातून प्रवाह जाईल त्या अंकाभोवती नारिंगी प्रभा पसरते. रेडिओच्या नलिकेतल्यासारखी तापणारी तार येथे नसते. प्रयोगशाळांतील व्होल्टमापक आणि किरणोत्सर्ग मोजणारी साधने एके काळी याच अंकांनी बोलत. पुढे सत्तरीच्या दशकात प्रकाश देणाऱ्या डायोडांनी त्यांना मागे सारले. रशियन बनावटीच्या काही नलिकांत ५ चा अंक म्हणजे उलटा बसविलेला २ असतो. काटकसर ती काटकसरच!

परीक्षा सोपी, पण जपून करण्याची. सुमारे १७० व्होल्टचा एकदिश दाब रोधकातून धनाग्रास द्यावयाचा आणि एकेक अंक ऋण टोकास जोडून पाहावयाचा. रोधक विसरल्यास नलिका जाते. हात लागल्यास जिवावर बेतू शकते. एखादा अंक अर्धाच उजळला, तर त्यावर शेजारच्या पेटत्या अंकांचे धातुकण साचले आहेत असे समजावे. काही तास थोडा अधिक प्रवाह दिल्यास तो पुष्कळदा सुधारतो. यंत्राने कोणते आकडे क्वचित दाखविले, याची नोंदच जणू त्या डागांत राहते.

परंतु यंत्र कोणते हे ठाऊक नसेल, तर ती नोंद मुकी. तोलावर विकताना हीच माहिती प्रथम गळते. दिल्ली विद्यापीठातील, १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा किरणांचे एक साधन फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात गेले आणि मायापुरीत तोडले गेले. त्यातील कोबाल्ट-६० च्या किरणांनी सात जण बाधित झाले. त्यांपैकी एकाचा एप्रिलमध्ये मृत्यू झाला. या घटनेचा निक्सीशी संबंध नाही. परंतु यंत्राची ओळख पुसून त्याचे लोखंड उरावे, ही रीत मात्र तीच.

म्हणून जाणता संग्राहक नलिका काढण्यापूर्वी यंत्राची नामपट्टी व क्रमांक उतरून घेतो आणि जमल्यास यंत्र अखंडच उचलतो.