‘पर्ल ६’ ते ‘राकू’ : एका नामांतराची कारणे आणि मर्यादा

सॉफ्टवेअर विकसनाचे एखादे साधन जुने आहे की नवे, वापरात आहे की मागे पडले आहे, याविषयीचा पहिला समज त्याच्या नावावरून होतो. हा समज दुरुस्त करण्यासाठी नाव बदलल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘पर्ल ६’ या प्रोग्रॅमिंग भाषेचे २०१९ मध्ये झालेले ‘राकू’ हे नामकरण. जबलपूरच्या रांझी भागातील, १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी हा विषय व्यवहाराचा आहे; कोणती भाषा शिकावी, या निर्णयात त्यांची वर्षे खर्ची पडतात.

पार्श्वभूमी : लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिची पाचवी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात ती सर्वत्र पसरली. जुलै २००० मध्ये ‘पर्ल ६’ची घोषणा झाली, पहिली अधिकृत आवृत्ती मात्र डिसेंबर २०१५ मध्ये निघाली. दरम्यान तिची रचना इतकी बदलली की, ‘पर्ल ५’मधील आज्ञावली तिच्यात जशीच्या तशी चालेना.

अडचण : क्रमांकामुळे सहावी आवृत्ती ही पाचवीची जागा घेणार, असा अर्थ निघत होता. त्यामुळे दोन्ही भाषांची हानी झाली. सतत सुधारत असलेली ‘पर्ल ५’ कालबाह्य भासू लागली, तर ‘पर्ल ६’ला जुन्या भाषेविषयीचे पूर्वग्रह चिकटले.

निर्णय : ऑगस्ट २०१९ मध्ये नामांतराचा प्रस्ताव औपचारिकपणे मांडला गेला आणि ऑक्टोबरमध्ये वॉल यांनी त्यास संमती दिली. ‘राकू’ हे नाव ‘राकूदो’ या तिच्या संकलक-प्रणालीच्या नावावरून घेतले आहे. जपानीत ‘राकूदा’ म्हणजे उंट. उंट हे पर्लचे जुने बोधचिन्ह. नव्या नावासोबत फाइलींची प्रत्ययनामे, दस्तऐवज आणि साधने बदलण्याचे कामही करावे लागले.

उलट उदाहरण : नेटस्केप कंपनीने डिसेंबर १९९५ मध्ये ‘लाइव्हस्क्रिप्ट’चे नाव ‘जावास्क्रिप्ट’ केले. सन कंपनीच्या ‘जावा’ या भाषेचा तेव्हा बोलबाला होता. त्या प्रसिद्धीचा लाभ नव्या नावाला झाला. दोन्ही भाषा भिन्न असूनही नवशिक्यांचा घोटाळा आजतागायत होतो. नावाचे व्यापारचिन्ह सनकडे असल्याने १९९७ मधील अधिकृत मानकाला ‘एक्मास्क्रिप्ट’ असे वेगळे नाव द्यावे लागले.

परिणाम : या दोन उदाहरणांत मूलभूत भेद आहे. ‘राकू’ने उसने नाव सोडले, ‘जावास्क्रिप्ट’ने ते घेतले. तरीही प्रसार झाला तो दुसरीचाच. कारण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये उपलब्ध होती. ‘राकू’मध्ये देवनागरीतील अंकही संख्या म्हणून थेट लिहिता येतात, अशी वैशिष्ट्ये असूनही तिचा वापर मर्यादित राहिला. नामांतराने गैरसमज दूर होतो. वापरकर्ते मिळवून देण्याचे काम उपयोगिता आणि उपलब्धता यांनाच करावे लागते.

म्हणून एखादी भाषा निवडताना तिच्या नावापेक्षा तिची ताजी आवृत्ती कधी निघाली, जुनी आज्ञावली तिच्यात चालते का आणि तिची देखभाल कोण करते, या बाबी तपासणे अधिक उपयुक्त ठरते.