रक्तातले शिसे आणि तराजूचा पासंग

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडचे व्यापारी वहीबरोबर तराजूचीही पूजा करतात. तराजूला पासंग असला, तर विकणारा प्रामाणिक असूनही माप चुकते. रक्तातील सूक्ष्म मूलद्रव्ये मोजताना शास्त्रज्ञांनाही हाच अनुभव आला.

1971 साली पश्चिम जर्मनीने पेट्रोलमधील शिशावर मर्यादा घालणारा कायदा केला. लिटरमागे 0.4 ग्रॅम ही मर्यादा 1972 पासून, तर 0.15 ग्रॅम ही 1976 पासून लागू झाली. पुढे 1977 मध्ये युरोपीय समुदायाने सदस्य देशांना लोकांच्या रक्तातील शिसे तपासायला सांगितले. पण एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेल कशावरून? लिटरभर रक्तात शिसे असते ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागांत. एवढ्याशा मोजणीत हवेतली धूळही घोळ घालते. रक्त काढायच्या पोलादी सुईतून उतरलेल्या क्रोमियममुळे तर त्या धातूचे जुने आकडे कित्येक पटींनी फुगलेले निघाले.

यावर उपाय म्हणून प्रमाणित नमुने तयार झाले. रक्त गोठवून वाळवायचे, त्याच्या एकसारख्या कुप्या भरायच्या, निरनिराळ्या पद्धतींनी त्या तपासायच्या आणि ठरलेली किंमत अनिश्चिततेसह प्रमाणपत्रावर लिहायची. हे काम युरोपसाठी शेजारच्या बेल्जियममधील गेल येथील संस्थेने केले. तिथल्या मानवी रक्ताच्या तीन नमुन्यांत शिसे लिटरला सुमारे 46, 210 आणि 520 मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळा आधी अशी कुपी मोजते; उत्तर जुळले, तरच तिच्या यंत्रावर भरवसा ठेवायचा. शिवाय 1982 पासून एर्लांगेनहून प्रयोगशाळांना उत्तर न सांगता नमुने पाठवले जातात. ही त्यांची परीक्षाच.

म्युन्स्टरमधील विद्यार्थ्यांचे रक्त ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून जर्मनीच्या पर्यावरण नमुना पेढीत द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत साठवले जाते. 1981 मध्ये त्यांच्या रक्तात लिटरला सुमारे 80 मायक्रोग्रॅम शिसे होते; 2019 मध्ये ते सुमारे 10 वर आले. मधल्या काळात, 1988 मध्ये, इथे साध्या शिसेयुक्त पेट्रोलवर बंदी आली होती. मोजणी पारखलेली नसती, तर ही घट खरी की यंत्राची, हा वाद संपला नसता.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये थांबले. आपल्यापैकी ज्यांचे बालपण त्याआधी पुण्या-मुंबईच्या रहदारीत गेले किंवा जे त्या काळात जर्मनीत राहत होते, त्यांच्या हाडांत त्या धुरातले थोडे शिसे अजून असेल. हाडांतले शिसे दशकानुदशके टिकते आणि गरोदरपणात किंवा उतारवयात पुन्हा रक्तात उतरू शकते. मुलांसाठी शिशाची निर्धोक पातळी कोणतीच ठाऊक नाही. म्हणून इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या वाट्याला आलेला हा लहान आकडा मोलाचा आहे.